पडदेवाली आणि आठवीचा वर्ग

खालच्या वस्तीत कुणाच्या भिंतीला ओल आली, दाराची फळी कुजली, नाहीतर माळ्यावरचा पसारा डोळ्यांत खुपायला लागला, की त्या घरची बाई आधी पडदेवालीकडे यायची. पडदेवाली टेप घेऊन जायची, भिंतीकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "झाकू या." दोन दिवसांनी तिथे असा झकास पडदा लागायचा, की येणाऱ्याला वाटावं मागे बाल्कनी असेल.

तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे. गळ्यात टेप कायम. इतकी कायम, की नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "वहिनी, हार वेगळाच आहे हो," आणि तिनं खाली पाहिलं तर टेप.

शिवणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि काळजी करण्यातही. काळजीला तिला कारण लागत नसे. नसलं तर ती शोधून आणायची, म्हणजे मग जिवाला जरा स्वस्थता. तिचा नवरा मालाचा टेम्पो चालवायचा आणि बायकोची थट्टा करणं हा त्याचा जोडधंदा होता. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही काळजीत असली की पडदा आखूड होतो, खुशीत असली की लांब. बेतशीर पडदा हवा असेल तर ती झोपेत असताना या."

तिची सगळी काळजी एका जागी येऊन गोळा व्हायची, ती म्हणजे मुलगी. मुलगी सातवीत. मशीनवर बसलं की खिडकीतून शाळेचं फाटक दिसायचं. सकाळी मुलगी त्या फाटकातून आत गेली की मशीनला वेग यायचा आणि दुपारी सुटायची वेळ झाली की मशीन आपोआप मंदावायचं. पण ही शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी हमरस्ता ओलांडून, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेकडेनं पलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागायचं. ती शाळा कुठल्याच खिडकीतून दिसत नव्हती.

तिकडे जाणाऱ्या मुलींचं काय होतं, हे बघायला तिला लांब जायची गरज नव्हती. घरातच नणंद होती. नणंद वस्तीतल्या शाळेत पहिली यायची. आठवीला पलीकडे गेली आणि वर्षाच्या आतच तिचं शिक्षण संपलं. काही मोठं घडलं नाही. एकदा ताप आला, एकदा रस्त्यावर ट्रकवाल्यानं काहीबाही म्हटलं, एकदा सोबतची मैत्रीण येईनाशी झाली. मग घरात कुणी "आज शाळा नाही का?" असं विचारणंच सोडून दिलं. आता ती बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, "आधी माझी आठवी होऊ दे." सगळे हसायचे. ती हसायची नाही.

तर त्या वर्षी पडदेवालीनं मनाशी ठरवलं, की आठवीचा वर्ग इथंच व्हायला हवा. कायद्यात तसं होतं. मुलाच्या घराजवळ आठवीपर्यंतची शाळा हवी, हा मुलाचा हक्क आहे, असं मुख्याध्यापिकेनं पालकांच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं. मुख्याध्यापिकेला सगळी वस्ती 'मोठ्या बाई' म्हणायची, जरी त्या उंचीनं पाचवीतल्या मुलांएवढ्या होत्या. त्या दोघी एका सकाळी शिक्षण कार्यालयात जाऊन थडकल्या.

तिथले साहेब चांगले निघाले. बसा म्हणाले, पाणी मागवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुमचं म्हणणं चूक नाही. पण पैसे थोडे आणि शाळा पुष्कळ. जिथे गरज जास्त तिथे आधी द्यायचे, असा नियम आहे. टेकडीवरच्या शाळेचं छप्पर गळत होतं, त्यांना छप्पर दिलं. तुमच्या शाळेला तसं काही कमी नाही."

"काही कमी नाही?" मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, मागच्या तपासणीला मी स्वतः आलो होतो की! स्वच्छ अंगण, प्रत्येक शिक्षकाला खुर्ची, एका बाकावर दोनच मुलं. खिडक्यांना पडदेसुद्धा होते. इतके सुंदर पडदे मी आमच्या ह्या कार्यालयातही बघितले नाहीत."

पडदेवालीचे कान लाल झाले. "मीच शिवले ते," ती लाजत म्हणाली.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "फारच छान."

जिना उतरेपर्यंत ती खुशीत होती. खाली रस्त्यावर आल्यावर तिची पावलं थांबली. तिनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई आधीपासूनच तिच्याकडे बघत होत्या.

"बाई," ती म्हणाली, "आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला की हो."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. वस्तीची एक जुनी रीत होती. तपासणी येणार म्हटलं की सगळी वस्ती शाळेवर तुटून पडायची. ज्याच्या घरी बरी खुर्ची असेल तो खुर्ची आणायचा. भट्टीवाला आपल्या बेकरीतली लांब बाकं द्यायचा. टेम्पोतून हे सगळं सामान यायचं. फुटक्या काचांवर, ओल आलेल्या भिंतींवर पडदेवालीचे पडदे लागायचे. एका खोलीचं छत अर्धं खाली आलं होतं, तिला कुलूप लावून दारावर असा पडदा सोडायचा की ती सामानाची खोली वाटावी. आणि कमाल म्हणजे, वर्गात गर्दी दिसू नये म्हणून पहिली-दुसरीची पोरं त्या दिवशी बेकरीच्या मागच्या शेडमध्ये पिठाच्या पोत्यांवर नेऊन बसवायची. पोरांना ती सहलच वाटायची. गरम पाव मिळायचा.

ही रीत पाडली होती पडदेवालीच्या सासूबाईंनी. त्यांना वस्तीत सगळे 'आजी' म्हणायचे. कोणे एके काळी पहिली तपासणी आली तेव्हा त्यांनीच पुढे होऊन अंगण धुतलं होतं. "घरी माणूस येणार आणि आपण त्याला पसारा दाखवायचा? लोक काय म्हणतील, खालच्या वस्तीला राहायचं कळत नाही म्हणतील." तेव्हापासून झाडू त्यांच्या हातात, आणि पडक्या खोलीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. पोरं चुकून आत जाऊ नयेत, म्हणून.

पुढची तपासणी जवळ आली तशी पडदेवालीनं शाळेच्या अंगणात पालकांना बोलावलं. चारचौघांत बोलायची सवय नाही. एका दमात बोलून टाकलं. "ह्या वेळी कुणी काही आणायचं नाही. खुर्च्या नाहीत, बाकं नाहीत. पोरं आपापल्या वर्गात बसतील. जे आहे ते दिसू दे."

"आणि पडदे?" कुणीतरी विचारलं.

"पडदे नाहीत."

एकच गलका झाला. "आमची लक्तरं चव्हाट्यावर टांगायची म्हणता?" एक बाप उठून म्हणाला. भट्टीवाला म्हणाला, "माझं काय, बाकं वाचली तर बरंच आहे. मागच्या वेळी एकावर कुणीतरी चारचा पाढा कोरून ठेवलाय, आता पाव ठेवताना रोज वाचतो." हशा झाला. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर मात्र चिंता होती. शाळा अशी का ठेवली, म्हणून पहिला जाब त्यांनाच विचारला जाणार होता.

मग आजी उठल्या. त्या उठल्या की गलका आपोआप बसायचा.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "मी आजवर ह्या शाळेचं तोंड धुतलं. तू आता तिला पारोशी उभी करणार?"

"आई, आपण तोंड धुतलं, पण आजार झाकला. वैद्याला नाडी न दाखवता नवे कपडे दाखवले."

"मला शिकवू नकोस. मला माझी अब्रू कळते."

उत्तर आलं मागून. नणंद कारखान्यातून थेट आली होती, फाटकाला टेकून उभी होती. "वहिनी म्हणते तसं एकदा करून बघा," ती एवढंच म्हणाली. "तुमची पद्धत माझ्यावर करून झालीय."

आजी खाली बसल्या. हात वर करून कौल घेतला, तेव्हा पडदेवालीच्या बाजूनं बरेच हात वर आले. आजींनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. ह्याचा अर्थ काय लावायचा, ह्या काळजीत पडदेवालीनं पुढचे सगळे पडदे आखूड कापले.

तपासणीच्या सकाळी ती मुद्दाम शाळेकडे गेली नाही. तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता. एखादी उघडी खिडकी दिसली तर आपले हात आपोआप सुईकडे जातील, हे ती जाणून होती. मुलीला सांगून तिनं सुयांची डबीसुद्धा लपवायला लावली होती. सासूबाई सकाळीच "भाजी बघून येते" म्हणून बाहेर पडल्या होत्या. ती मशीनवर बसली, दोरा ओवायला गेली आणि सुई नाही हे आठवून स्वतःशीच हसली.

इतक्यात मुलगी धापा टाकत दारात. "आई! पडदे लागलेत!"

"कुठले पडदे?"

"आपलेच! आजीनं लावले. अंगण पण धुतलं. भट्टीवाल्या काकूंनी खुर्च्या आणल्या आणि पहिलीची सगळी पोरं बेकरीत नेली. तपासणीच्या बाई आल्यासुद्धा!"

पडदेवालीनं आतल्या खोलीत पाहिलं. पडद्यांच्या पेटीचं झाकण उघडं होतं. भाजीची पिशवी तिथेच खुंटीला.

ती कशी पळाली हे तिला नंतर आठवेना. गळ्यातली टेप वाऱ्यावर, पायात दोन वेगळ्या चपला. फाटकातून आत शिरली तर समोर सगळं अगदी नेहमीसारखं. ओलं, लखलखीत अंगण. खिडक्याखिडक्यांवर तिचे निळे पडदे, त्यांच्या चुण्या कशा सारख्या पडलेल्या. व्हरांड्यात आजी आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, चेहऱ्यावर लग्नघरच्या बायकांची लगबग. मोठ्या बाई कोपऱ्यात. आजींना नाही म्हणायची वस्तीत कुणाची छाती नव्हती, त्यांची तर मुळीच नाही.

तपासणीच्या बाई नव्या होत्या. स्कूटरवरून आलेल्या, बुटांवर धूळ. त्या कौतुकानं पडद्याला हात लावून बघत होत्या.

"किती नीटनेटकं ठेवलंय हो! आणि हे पडदे? कुणी शिवले?"

तोच प्रश्न. पडदेवालीला एकदम वाटलं, गप्प बसावं. सासूबाईंचा मान राहील, मोठ्या बाईंची नोकरी राहील, वस्तीची शोभा राहील. मग तिला मुलगी दिसली, खांबाआडून बघणारी. आणि मुलीच्या डोक्यावरून, फाटकापलीकडे, हमरस्त्याकडे जाणारा रस्ता दिसला.

"मी शिवले," ती म्हणाली. "आणि आता मीच काढते."

तिनं एक स्टूल ओढलं, वर चढली आणि पहिला पडदा कड्यांसकट खाली घेतला. मागे खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा होता. पुठ्ठ्याला भोक, भोकाला बोळा.

"अगं, काय करतेस!" आजी ओरडल्या. "पाहुण्यांसमोर!"

"आई, त्या पाहुण्या नाहीत. त्या बघायला आल्यात. त्यांना बघू दे."

दुसरा पडदा. मागची भिंत ओलीनं फुगलेली, एका ठिकाणी विटा उघड्या. तिसरा काढताना स्टूल डगमगलं. तपासणीच्या बाईंनी पुढे होऊन स्टूल धरलं. शेवटचा पडदा दारावरचा होता. तो खाली आला आणि मागे मोठं कुलूप दिसलं.

"ही खोली कसली?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या. आजींचा हात कमरेच्या किल्लीवर घट्ट होता.

नणंद रात्रपाळी करून परस्पर शाळेत आली होती, डोळे तांबारलेले. ती आईजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "दे ना किल्ली. माझ्या वेळी दिली असतीस तर..."

आजींनी लेकीकडे पाहिलं. मग किल्ली सोडवली, पण कुणाच्या हातात दिली नाही. स्वतः गेल्या, कुलूप काढलं आणि दार ढकललं. आत छताचा अर्धा भाग जमिनीवर होता आणि उरलेल्या भोकातून निळं आभाळ दिसत होतं.

"हा आठवीचा वर्ग," आजी म्हणाल्या. "व्हायला हवा होता तो."

आणि मग आजींनी जे केलं ते बघून पडदेवालीनं तोंडात बोट घातलं. ज्या उत्साहानं त्या सगळं झाकायच्या त्याच उत्साहानं त्या दाखवायला लागल्या. "ह्या खुर्च्या आमच्या घरच्या, लिहून घ्या. ही घागर भट्टीवाल्याची. त्या नळाला पाणी येत नाही, नुसताच लावलाय, फिरवून बघा. बघा म्हणते ना!" बाईंनी नळ फिरवला, तो हातातच आला. "आता पोरं बघायचीत? चला." आणि त्यांनी तपासणीच्या बाईंचा हात धरून त्यांना थेट बेकरीच्या शेडमध्ये नेलं. तिथे पिठाच्या पोत्यांवर पहिली-दुसरीची पोरं ओळीनं बसून पाव खात होती. पापण्यांपर्यंत पांढरी. एकानं उठून तालात म्हटलं, "न-म-स्ते बाई," आणि त्याच्या डोक्यावरून पिठाचा ढग उठला.

तपासणीच्या बाई एका पोत्यावर बसल्या. आधी हसल्या, मग चष्मा काढून पुसत राहिल्या. पीठ गेलं असेल डोळ्यांत.

"एवढं सगळं तुम्ही झाकत का होता?" त्यांनी विचारलं.

"लाज वाटायची," आजी म्हणाल्या.

"तुम्हाला कसली? लाज आम्हाला वाटायला हवी."

तपासणीच्या बाई गेल्या, आणि पडदेवालीचे खरे हाल सुरू झाले. मोठ्या बाईंना नोटीस येईल, शाळा धोक्याची म्हणून बंदच करतील, सगळ्याच पोरांना हमरस्ता ओलांडायला लावतील, असं एकेक तिच्या मनात येई. अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, "तू आता काळजीचंच दुकान टाक. माल घरचा, भांडवल नको." ती चिडली, मग हसली, मग पुन्हा काळजीला लागली. भीती अगदीच अनाठायी होती असंही नाही. मोठ्या बाईंना खरंच कार्यालयात बोलावलं, आधीच्या तपासणीत गर्दी का लपवली म्हणून कानउघाडणी केली. पण त्याच खोलीत पडद्यांचं कौतुक करणाऱ्या त्या साहेबांनी दुरुस्तीची मापं घ्यायला मोजणीदार पाठवायला सांगितलं. मोठ्या बाई सांगत होत्या, साहेब सारखं एकच म्हणत होते, "मी त्या पडद्याला हात लावून आलो होतो हो. नुसता बाजूला केला असता तर."

मग एका दुपारी मोठ्या बाई रस्त्यानं चक्क पळत येताना खिडकीतून दिसल्या. पडदेवाली उठून उभी राहिली. चेहरा बघून कळेना, बातमी कसली.

"मंजूर!" मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या. "छप्पर, भिंत, दोन खोल्या, नळ. आणि आठवी! नव्या वर्षापासून!"

"शिक्षक?"

"तोही देतायत."

"नक्की? नंतर नाही म्हणणार नाहीत ना? छप्पर झालं नाही तर? दुसऱ्या कुणाचं काढून तर..."

"अहो, श्वास घ्या की!" मोठ्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच खुर्चीत कोसळल्या.

आतून आजी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाणी आणायला वळल्या. पाणी मोठ्या बाईंसाठी होतं, पण वाटेत त्यांनीच पिऊन टाकलं.

पडदेवालीचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात तिनं शिवलेले सगळे पडदे जमिनीवर लोळायला लागले. गिऱ्हाइकं परत आली. नवरा दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "तक्रार करू नका, पुन्हा इतकी खूश कधी होईल सांगता येत नाही."

नव्या वर्षी आठवीचा वर्ग भरला. शिक्षक दुसऱ्या शाळेतून अर्धाच दिवस यायचे, पूर्ण वेळेच्या माणसासाठी पालकांना अजून खेटे घालायचे होते. पण खोली पक्की होती आणि वर आभाळ नव्हतं. पहिल्या सकाळी मुलगी फाटकातून आत गेली. पडदेवालीनं खिडकीतून पाहिलं आणि मशीन सुरू केलं. मग थांबवून पुन्हा पाहिलं. मागच्या बाकावर नणंदही बसणार होती, रात्रपाळी संपवून. मोठ्या बाईंनी वरून परवानगी काढली होती. ती फाटकाशी क्षणभर थांबली, केस सारखे केले आणि शिरली आत.

दुपारी मुलगी घरी आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आई, नव्या वर्गात ऊन थेट डोळ्यांवर येतं. फळा दिसत नाही. एक पडदा शिवून दे ना."

पडदेवालीचा हात टेपेकडे गेला. निळ्या ताग्यातलं थोडं कापड उरलेलं होतं, माप तर तिला तोंडपाठ होतं. सासूबाई समोर बसून बघत होत्या. तिनं टेप गळ्यातून काढली आणि खुंटीला अडकवली.

"मोठ्या बाईंना सांग, शाळेसाठी मागायला," ती म्हणाली. "ऊन येतं म्हणून हवाय, असं सांग. तिकडून मंजूर होऊन आला की मी शिवीन."

"तोवर?"

"तोवर बाक सरकवून बस," आजी म्हणाल्या. "आणि कुणी बघायला आलं तर ऊन दाखव."